सावली न पडणारा टॉवर

शहराच्या मधोमध चार गल्ल्या जिथे एका चौकात येऊन मिळतात, त्या कोपऱ्यावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मॉडेलवाला राहायचा. तो इमारतींची छोटी मॉडेल्स बनवायचा. आर्किटेक्ट कागदावर टॉवर काढायचे, हा तो पुठ्ठ्यात आणि ॲक्रिलिकमध्ये मेजावर उभा करायचा आणि मग कुणीतरी तो खरोखरचा बांधायचं. "या शहरातल्या निम्म्या उंच इमारती मी बांधल्यात," तो नव्या माणसाला सांगायचा, "पण एकही मेजाखाली उतरली नाही." हा विनोद तो इतक्या वर्षांपासून करत होता की बायको तो सुरू होताच उठून चहा ठेवायची.

घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं वर्कशॉप. कटर, पट्ट्या, गोंदाच्या बाटल्या, ॲक्रिलिकचे तुकडे, आणि या सगळ्याला पुरून उरणारी एक मोठी खिडकी. समोरच्या प्लॉटवर एक बंद पडलेलं बुटकं शीतगृह होतं, त्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत त्या खिडकीतून उजेड नुसता ओतल्यासारखा यायचा. साठी उलटल्यापासून त्याचे डोळे कुरकुरायला लागले होते. दिव्याखाली त्याला एका कडेच्या दोन कडा दिसायच्या. खिडकीतल्या उजेडात मात्र कड एकच दिसायची आणि ती सरळ यायची. हा उजेड गेला तर आपलं काम गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खिडकीचा दुसरा अर्धा भाग बायकोचा. ती सगळी नोकरी याच वस्तीत टपाल वाटत फिरली होती. कुठलं दार आत उघडतं, कुठली घंटा नुसती शोभेची आहे, कुठला कुत्रा भुंकतो पण चावत नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आता दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला होता. एकाचं ऑपरेशन झालं, ते काही मनासारखं झालं नाही, आणि दुसऱ्याला ती हात लावू देईना. इमारतीला लिफ्ट नव्हती. थंडी सुरू झाल्यापासून ती खाली उतरली नव्हती. एकाच खिडकीशी तो उजेडासाठी बसायचा आणि ती चौकासाठी.

अशात समोरच्या शीतगृहाच्या जागी राहण्याचा टॉवर येणार अशी बातमी आली. नुसता उंच नाही, मान मोडेपर्यंत उंच. जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत बिल्डरच्या लोकांनी सभा बोलावली आणि भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. चित्रांत सगळे तरुण होते, सगळ्यांच्या हातात कॉफी होती आणि आभाळ कुठेही अडलेलं नव्हतं. मॉडेलवाला मागच्या रांगेत बसला होता. तो उठला, ते खरं तर बाथरूमला जायला. पण उभा राहिलेला माणूस म्हणजे प्रश्न विचारणारा, असं समजून कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला. आता माईक परत करून "मला जरा जायचंय" म्हणणं चारचौघांत बरं दिसलं नसतं. म्हणून तो म्हणाला, "या टॉवरची सावली कुणाकुणाच्या घरात राहायला येणार आहे, तेवढं सांगा."

टाळ्या पडल्या. शाळेत असताना एकदा नाटकात झाड झाला होता, त्यानंतर त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि तेव्हाही त्या झाडाच्या नावावर जमा झाल्या असाव्यात असा त्याला दाट संशय होता. त्या टाळ्यांनी तो असा काही हुरळला की बाथरूमला जायचं साफ विसरला. पुढच्या आठवड्यात 'चौक बचाव समिती' निघाली, आणि तो तिचा अध्यक्ष झाला.

"झालात का अध्यक्ष?" बायकोने दार उघडताना विचारलं.

"लोकांनी आग्रहच केला," तो म्हणाला. आग्रह कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानवालीने केला होता, तोही एकदाच, आणि त्याने अर्ध्यातच हो म्हटलं होतं.

"आपल्यासारख्या आजूबाजूच्या जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट बसवून देणार म्हणतात बिल्डरवाले," ती म्हणाली. "टॉवर झाला तर. मला लिफ्ट हवीय. खाली जायचंय मला."

"अगं, पण उजेड जाईल. मी काम कुठे करू? आणि हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला गुडघे नसतात, म्हणून तुम्हाला सोपं जातं."

त्याला हसू आलं, आणि हे वाक्य सभेत वापरता येईल का, असाही विचार मनात येऊन गेला. मग ते आपल्याच विरुद्ध आहे हे लक्षात आलं, आणि त्याने तो विचार सोडून दिला. तिचं दुखणं त्याला कळत नव्हतं असं नाही. ती खिडकीतून हात हलवायची आणि खालची माणसं मान वर करून बोलायची, ते त्याला रोज दिसायचं आणि रोज टोचायचं. पण टोचणारी गोष्ट आणि टाळ्यांची गोष्ट एकदम समोर आल्या की माणूस कुठे वळतो, हे त्याला स्वतःकडे बघून चांगलंच कळलं होतं.

मग एक दिवस टॉवरची आर्किटेक्ट जिना चढून वर आली. तरुण मुलगी, बरीच वर्षं त्याच्याकडूनच मॉडेल्स करून घेणारी. "काका, सुनावणीसाठी मोठं मॉडेल हवंय," ती म्हणाली. "टॉवर स्वच्छ ॲक्रिलिकचा. आजूबाजूची वस्ती नेहमीसारखी."

नेहमीसारखी म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. नवी इमारत तेवढी खरी करायची. भोवतालची घरं म्हणजे पांढरे ठोकळे, ना खिडक्या, ना दारं, ना माणसं. बघणाऱ्याची नजर टॉवरवर राहिली पाहिजे. त्याने आजवर शेकडो वस्त्या अशा पांढऱ्या करून टाकल्या होत्या आणि त्यांत कोण राहतं हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आता मात्र तो पांढरा ठोकळा आपला होता.

समितीत त्याने ही गोष्ट काढली, तेव्हा आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षच टॉवर बनवणार म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण त्याच्याकडे योजना तयार होती. तो म्हणाला, "मी मॉडेल घेतो. पण वस्ती पांढरी नाही ठेवणार. दारं, खिडक्या, वाळत घातलेले कपडे, चौकातली माणसं, सगळं हुबेहूब करतो. आणि सुनावणीला टॉवरच्या मागे दिवा लावतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सावली वस्तीवर पडेल. मग कोण कसा हो म्हणतो ते बघू."

औषधवालीने टेबलावर हात आपटला. तळमजल्यावर राहणारे व्हायोलिनचे मास्तर सहसा काही बोलत नसत, तेही "फार छान" म्हणाले. पुन्हा टाळ्या. शत्रूकडून पैसे घेऊन त्याच्याच पायावर धोंडा पाडणार, या कल्पनेने अध्यक्षांना त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतरचे काही आठवडे मात्र त्याच्या आयुष्यातले फार सुंदर गेले. वस्ती हुबेहूब करायची तर वस्ती माहीत हवी, आणि ती माहीत होती बायकोला. सकाळी दोघं त्या उजेडात मेजाशी बसायचे. तो पातळ पुठ्ठ्याची घरं कापायचा आणि ती सांगायची.

"चांभाराच्या दुकानाचं दार जिन्याखाली. नाही, अजून खाली. वाकून जावं लागतं."

"हे दार हिरवं ना?"

"पूर्वी हिरवं. बाईचा नवरा गेल्यावर तिने पांढरं केलं."

"आणि ही जाळी?"

"जाळीमागे मांजर असतं. मांजर कर."

नखाएवढ्या माणसांना तो केसाएवढ्या बारीक ब्रशने कपडे रंगवायचा. औषधवाली पांढऱ्या कोटात दुकानाच्या पायरीवर. मास्तर व्हायोलिनची पेटी घेऊन. चौकात एका उपड्या खोक्यावर हात वर करून उभा असलेला एक जाडसर माणूस, म्हणजे तो स्वतः, भाषण करताना. तो पुतळा बघून ती खूप हसली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसली होती. इतकी वर्षं एकाच घरात राहून आपण हिच्याशी एवढं कधी बोललोच नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने भाषणाची तयारी सुरू केली. भाषण मोठ्याने पाठ केल्याशिवाय त्याला येत नसे, त्यामुळे दुपारनंतर घरात दुसऱ्या कुणाचा आवाज निघायला फारशी जागा उरायची नाही.

टॉवर त्याने सगळ्यांत शेवटी केला. "काका, कडा दुधाळ राहिल्या तरी चालतील, वेळ कमी आहे," आर्किटेक्टने फोनवर सांगितलं होतं. ॲक्रिलिक कापलं की कडा धुरकट होतात. त्या आधी बारीक पॉलिशपेपरने, मग फडक्याने, मग पेस्टने घासत बसलं, तर काचेसारख्या होतात. हे काम म्हणजे नाकी नऊ आणणारं. पण टॉवर शत्रूचा असला तरी कड आपल्या हातची होती, आणि आपल्या हातून दुधाळ कड बाहेर पडावी हे त्याच्या जिवावर आलं. त्याने घासली. मजल्यामागून मजला घासला. बोटं सुजली, तरी घासतच राहिला. दिव्याची रंगीत तालीम त्याने आधीच घेतली होती. टॉवरच्या जागी तेवढ्याच उंचीचं पुठ्ठ्याचं खोकं ठेवून दिवा लावला, तेव्हा वस्तीवर अशी काळी सावली पडली की औषधवालीच्या अंगावर काटा आला. तयार टॉवर बसवून पुन्हा दिवा लावून बघावा, हे त्याला सुचलं नाही. सुनावणीच्या सकाळपर्यंत तो घासत होता.

"मीही येणार," बायको म्हणाली.

"अगं, एवढे जिने. कशाला त्रास करून घेतेस?"

काळजी खरी होती. पण ती तिथे गेली तर माईकवर 'लिफ्ट' म्हणेल आणि अध्यक्षांच्याच घरात फूट दिसेल, ही काळजी त्याहून जरा जास्त खरी होती. तिने खिडकीतून खाली मास्तरांना हाक मारली. मास्तर आणि औषधवाली एक भक्कम खुर्ची घेऊन वर आले. तिला खुर्चीत बसवलं, एकाने पुढून धरलं, एकीने मागून, आणि ते उतरायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर औषधवाली थांबली. धापा टाकत म्हणाली, "ताई, लिफ्ट असती तर..." आणि मग अध्यक्षांकडे बघून तिने जीभ चावली. अध्यक्ष मागून पिशवी घेऊन येत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

व्यायामशाळा भरली होती. मॉडेल मधोमध मेजावर, वर कापड. पालिकेचे अधिकारी समोर बसलेले, बिल्डरचे लोक एका बाजूला. मॉडेलवाल्याला बोलायला बोलावलं. त्याने घसा साफ केला. सावली या विषयावर तो बराच वेळ बोलला, आणि बरं बोलला असं त्याचं स्वतःचं मत होतं. "आता शब्द पुरे," तो शेवटी म्हणाला. "सावलीच बघा." त्याने कापड ओढलं, कुणीतरी पडदे लावून घेतले, आणि त्याने दिवा लावला.

सावली पडलीच नाही.

दिव्याचा उजेड त्या घासून घासून काच केलेल्या टॉवरमधून आरपार गेला, कडांवर फुटला, आणि सगळ्या वस्तीवर बारीक रंगीत पट्टे पसरले. चांभाराच्या दारावर निळा, वाळत घातलेल्या कपड्यांवर सोनेरी, चौकातल्या माणसांवर हलका गुलाबी. खोलीभर "वा" झालं. मॉडेलवाल्याने पुन्हा कडांकडे बघितलं. कडा दुधाळ ठेवल्या असत्या तर निदान करडी सावली तरी पडली असती. एवढं साधं गणित आपल्याला सुचू नये, आणि ज्या मुलीला आपण हरवायला निघालो तिनेच ते आधी फुकटात सांगावं, या विचाराने त्याला हसावं की रडावं ते कळेना. आर्किटेक्टने त्याचा हात धरला. "काका, इतकं सुंदर काम तुम्ही आजवर केलं नव्हतं," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली, हेच वाईट होतं.

तोवर सगळे उठून मेजाभोवती जमले होते. कुणाचंही टॉवरकडे लक्ष नव्हतं. जो तो आपली खिडकी शोधत होता. "ही माझी बाल्कनी." "मांजरसुद्धा आहे, बघ." पालिकेचे अधिकारीही वाकून चांभाराचं दार बघत होते. औषधवालीला स्वतःचा पांढरा कोट सापडला आणि ती एवढी खूश झाली की विरोध करायला आलो आहोत हेच विसरली. वस्ती टॉवरशेजारी किती गोड दिसते, असं कुणीतरी म्हणालं, आणि बिल्डरच्या माणसाने लगेच मान डोलावली.

बायकोची खुर्ची मेजाला लावून ठेवली होती. बसलेल्या माणसाचे डोळे बरोबर मॉडेलमधल्या रस्त्याच्या उंचीला येत होते. ती वाकून एकेका दारावरून नजर नेत होती, जशी पूर्वी टपाल घेऊन जायची तशी, एकही घर न सोडता. शेवटी तिने त्याच्याकडे वळून बघितलं.

"सगळे आहेत," ती म्हणाली. "मी कुठे आहे?"

त्याने चौकात बघितलं. तो होता, खोक्यावर. मास्तर होते. मांजर होतं. तिसऱ्या मजल्याची खिडकी त्याने मन लावून केली होती, आणि तिला पडदा लावला होता.

"तू घरात आहेस," तो म्हणाला. "पडद्यामागे."

"हो," ती म्हणाली. "आहेच की."

ती चिडली नव्हती. प्रत्येक दार तिने सांगितलं आणि त्याने केलं, प्रत्येक माणसाला त्याने कपडे रंगवले, आणि तिला रस्त्यावर उभं करावं हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अधिकारी जागेवर बसले. "समितीचे अध्यक्ष," त्यांनी विचारलं, "तुमचं मत नोंदवायचंय. बाजूने की विरोधात? एकच शब्द."

मॉडेलवाला माईकपाशी गेला. एका शब्दात बोलायची त्याला सवय राहिली नव्हती.

"बाजूने," तो म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही. औषधवालीने असं बघितलं, जसं काही त्याने तिच्या दुकानातलं मलम चोरलं. बिल्डरचा माणूससुद्धा चक्रावला. बाकीच्यांनी एकामागून एक आपापली मतं सांगितली, बहुतेकांनी विरोधात, आणि निर्णय नंतर कळवू असं सांगून अधिकारी गेले. लोक त्याला टाळून, पण खुर्चीपाशी थांबून, बायकोशी हात मिळवून बाहेर पडले.

बाहेर चौकात आल्यावर ती म्हणाली, "थांबा. इथेच बसू थोडा वेळ. वर नका नेऊ एवढ्यात." मास्तरांनी खुर्ची झाडाखाली ठेवली. ये-जा करणारी माणसं तिच्याशी बोलायला थांबत होती, चांभाराने बाहेर येऊन तिच्या चपलेचा पट्टा बघितला, कुणाचं तरी कुत्रं येऊन तिच्या पायाशी बसलं. मॉडेलवाला तिची पिशवी धरून बाजूला उभा होता. त्याला कुणीही काही विचारलं नाही.

गर्दी जरा ओसरली तसं तिने विचारलं, "खरंच बाजूने आहात तुम्ही?"

"नाही. माझा उजेड जाईल. मला काम करता येणार नाही."

"मग तसं का म्हणालात?"

"तुला खाली आणायचा दुसरा काही मार्ग सुचला नाही मला."

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"काय?"

"मास्तरांचं घर तळमजल्यावर आहे. ओल लागून त्यांच्या व्हायोलिनची वाट लागलीय. ते वर यायला केव्हाचे तयार आहेत. आपण खाली, ते वर. मी बोललेय त्यांच्याशी, खिडकीतूनच."

"मग मला का नाही बोललीस?"

"बोलले. दोनदा. तुम्ही भाषण पाठ करत होतात."

दोनदा. त्याने आठवायचा प्रयत्न केला. भाषणाचा प्रत्येक शब्द आठवला, तिचा एकही आठवला नाही. तळमजल्यावर उजेड नव्हता. तिथे दिवसाही दिवा लावावा लागायचा, हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, म्हणूनच ती दोनदा बोलून गप्प बसली होती.

मास्तर खुर्ची वर न्यायला आले. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. शब्द जुळवायला त्याला जरा वेळ लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही आमच्या घरात राहायला याल का? आम्हाला तुमचं हवंय."

मास्तरांनी खुर्चीला लावलेला हात काढला. त्यांचा चेहरा इतका उजळला की मॉडेलवाल्याला कसंतरीच झालं. "येतो की," ते म्हणाले. "कधीही. वहिनींना मी सांगितलंच होतं. तुमच्याकडे हवा कोरडी आहे. आणि उजेड, उजेड तर फारच चांगला आहे ना वर?"

थोड्याच वेळापूर्वी माईकवर 'बाजूने' म्हणून आलेल्या माणसाने समोरच्या बुटक्या शीतगृहाकडे बघितलं.

"सध्या तरी आहे," तो म्हणाला.